अर्ध्या गाडीला सिरॅमिक ब्रेक

२ फेब्रुवारी, रविवार
निर्णय झाला. गाडीला सिरॅमिक ब्रेक बसवायचे.

निर्णय माझा एकट्याचा आहे, कारण धाकटा भाऊ नाही म्हणाला. गाडी मात्र दोघांची. काका गेले ते मृत्युपत्रात लिहून गेले, की त्यांची लाल स्पोर्ट्स कार आम्हा दोघा पुतण्यांची, निम्मी-निम्मी. विकायची असेल किंवा तिच्यात काही बदल करायचा असेल तर दोघांच्या सह्या लागतील. काकांना मूलबाळ नव्हतं. अक्कल होती, असं मी आजवर धरून चाललो होतो.

गाडी माझ्या घरामागच्या शेडमध्ये असते. धाकटा दर रविवारी दहाला हजर. हक्क बजावायला. त्याची दोन चाकं तो पुसतो, माझी दोन मी. ब्रेकची काळी भुकटी चाकांवर बसते, ती घासून घासून हात दुखतात. सिरॅमिकला भुकटी नाही. गंज नाही. वजनाला हलके. कितीही तापले तरी दगा देत नाहीत. हे सगळं त्याला शांतपणे समजावून सांगितलं. तो म्हणाला, दादा, तू चाळीसच्या वर जात नाहीस, तुला ब्रेक कशाला? तुला मागून ढकलणारा माणूस हवा.

कॉलेजात गणित शिकवणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. यापुढे घालणार नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
फोन करून वाद घातला. चाळीस हे साफ खोटं आहे. गेल्या महिन्यात बासष्टवर गेलो होतो. तो म्हणाला, उतार होता.

५ फेब्रुवारी, बुधवार
दुकानात गिऱ्हाईक कमी. काउंटरमागे बसून ब्रेकवरचे व्हिडिओ पाहिले. एक रुबाबदार गृहस्थ सांगत होते की विमानांनासुद्धा याच जातीचे ब्रेक असतात. ताबडतोब धाकट्याला पाठवला. उत्तर आलं, उडणार असशील तर सही करतो.

एका आजींना दुसऱ्याच आजींचा चष्मा गेला. घरी जाऊन परत आल्या, म्हणाल्या, जिना दोनदा दिसतोय. याचा ब्रेकशी काही संबंध नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
धाकट्याने तोडगा आणला. म्हणे, तुझ्या दोन चाकांना बसव, माझी राहू देत. बोलताना हसू दाबत होता. मी तोडगा तत्त्वतः मान्य केला. आता फसेल तोच.

१० फेब्रुवारी, सोमवार
गॅरेजवाल्याकडे गेलो. म्हटलं, डावीकडची दोन चाकं माझी आहेत, तेवढ्यांनाच सिरॅमिक बसवा. त्याने हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, साहेब, ब्रेक दाबलात की गाडी भोवऱ्यासारखी फिरेल. ब्रेक जोडीने लागतात, पुढची जोडी नाहीतर मागची जोडी. मग पोराबाळांची चौकशी केली. वेड्या माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात बोलत होता.

हरकत नाही. फेरवाटणी करायची. पुढची दोन माझी, मागची दोन धाकट्याची. रविवारी मांडतो. नाही म्हणायला त्याला जागाच नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
नाही म्हणाला.

म्हणे, पुढचे ब्रेक जास्त काम करतात, म्हणजे पुढची चाकं जास्त मोलाची, तेव्हा बदल्यात त्याला स्टीअरिंग हवं. मी रागाच्या भरात म्हटलं, एंजिन घे! तो म्हणाला, दे. आपण काय देऊन बसलो ते कळल्यावर मागे घेतलं. तर म्हणतो, शब्द फिरवलास. एक वाजेपर्यंत हेच. बायकोने दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही, ताटंच शेडमध्ये आणून बॉनेटवर ठेवली. उभ्याने जेवलो, कारण मुद्दा अर्धवट होता.

फार मनस्ताप होतो या माणसाचा.

२२ फेब्रुवारी, शनिवार
येताना आल्याची बिस्किटं आणली. बायको म्हणाली, तुम्हाला तर आलं चालत नाही. म्हटलं, सहज आणली. धाकट्याला ती लहानपणापासून आवडतात, हा योगायोग. ती म्हणाली, बरंय, निदान बोलता तरी आता एकमेकांशी.

बोलता म्हणजे काय? न बोलण्याचं कारण मी नव्हतोच. सख्ख्या भावाचं चष्म्याचं दुकान असताना या गृहस्थाने दुसरीकडून चष्मा करून घेतला. वर तोच चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्या घरी जेवायला आला. वर म्हणाला, नंबर अगदी अचूक बसलाय. त्या दिवसापासून काका जाईपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. माणसाने तत्त्वाला धरून राहावं. मी राहिलो. कित्येक वर्षं राहिलो.

आता बोलतो ते फक्त ब्रेकबद्दल. बोलणं आणि व्यवहार यांत फरक असतो.

२ मार्च, रविवार
आज शास्त्रीय चाचणी. बंद कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर गेलो. कुत्रंसुद्धा नव्हतं. ठरलं असं, की पन्नासच्या वेगात मी ब्रेक मारायचा आणि धाकट्याने टेपने अंतर मोजायचं. जुने ब्रेक किती कुचकामी आहेत ते आकड्यांत सिद्ध होणार होतं.

गाडीच्या पुस्तिकेत नव्या गाडीचं म्हणून जे अंतर छापलंय त्याच्या आधीच गाडी थांबली. मी म्हटलं, इथलं डांबर चिकट आहे. धाकटा म्हणाला, डांबर राहू दे, काटा अडतीसवर होता. मी म्हटलं, माझ्या अंदाजाने पन्नास होते. तो म्हणाला, दादा, काटा कशासाठी असतो मग?

चाचणी रद्द धरली आहे. पुढची टेकडीवर.

९ मार्च, रविवार
टेकडी. पाण्याच्या टाकीपासून खाली वळणावळणांचा रस्ता आहे. उतारावर ब्रेक पुन्हा पुन्हा दाबला की लोखंडी ब्रेक तापतात, मग पकड सुटते. हीच तर सिरॅमिकची खरी गरज. धाकट्याला म्हटलं, बेल्ट घट्ट कर, आज तुझी बोलती बंद होणार.

पहिली फेरी, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसऱ्या फेरीत मला मळमळायला लागलं. गाडी बाजूला घेतली. उलटी मी केली, पण ती रिकाम्या पोटी निघाल्यामुळे. धाकट्याने पाठ चोळली. मी म्हटलं, चोळू नकोस, ब्रेककडे लक्ष दे.

चौथ्या फेरीत वास आला! जळका, खमंग वास! मागून धूरही दिसला. मी ओरडलो, बघ, तापले! सुटली पकड! असा आनंद खूप दिवसांत झाला नव्हता. धाकटा डॅशबोर्डकडे बघत होता. म्हणाला, दादा, लाल दिवा लागलाय. उलटीसाठी थांबलो तेव्हा ओढलेला हँडब्रेक तू खाली केलाच नाहीस.

हँडब्रेक हा या चाचणीचा विषय नव्हता.

येताना त्याला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चष्मा काढून पुसावा लागला. मी हसलो नाही. एकदाच हसलो, तेसुद्धा सिग्नलला.

१६ मार्च, रविवार
हँडब्रेकची दुरुस्ती झाली. खर्च निम्मा-निम्मा असं धाकट्याने स्वतःहून म्हटलं. मी म्हटलं, हँडब्रेक मागच्या चाकांना असतो, मागची चाकं तुझी, म्हणजे खर्च सगळाच तुझा. तो म्हणाला, म्हणजे फेरवाटणी तुला मान्य? सापळा होता. थोडक्यात वाचलो.

१९ मार्च, बुधवार
बायको म्हणाली, बाथरूम गळतंय ते आधी बघा, मग गाडीच्या ब्रेकचं बघा. तिला समजावलं की गळती जीवघेणी नसते, ब्रेक असतात. ती म्हणाली, मग चालवूच नका. हे काही उत्तर झालं?

मी झुकणार नाही. घरात नाही, शेडमध्येही नाही.

२३ मार्च, रविवार
धाकटा सिरॅमिकविरुद्ध तीन पानांचं टिपण घेऊन आला. रस्त्यावर चालवायच्या गाडीला उपयोग नाही, थंड असताना आवाज करतात, चाक बदलताना डिस्कचा कोपरा उडाला तर संपलं, वगैरे. आलेखसुद्धा काढला होता. कॉलेजचे पेपर तपासायचे सोडून रात्र घालवली असणार. इतकी ईर्षा बरी नव्हे.

माझं टिपण पाच पानांचं करणार.

३० मार्च, रविवार
आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

बाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागलो होतो. धाकटा बाजूला. पाऊणशेवर होतो, हे तो नाकारू शकत नाही, काटा त्यानेही बघितला. पुढे एक टेम्पो होता, सामान हलवणाऱ्यांचा. कपाटं, खुर्च्या, वर बांधलेली डबल बेडची गादी. मी धाकट्याला टिपणाचं चौथं पान तोंडी सांगत होतो आणि गादीचा दोर सुटला. ती आधी हवेत उभी राहिली. मग आडवी झाली आणि सरळ आमच्यासमोर.

मी ब्रेक दाबला. पायाखाली काहीतरी थरथरलं, टायर किंचाळले, आणि गाडी थांबली. गादी आणि बंपर यांच्यात वीतभर जागा होती. मागच्या बसनेही ब्रेक मारला, तिचा हॉर्न कितीतरी वेळ वाजत होता.

मी स्टीअरिंगवरून हात काढले नाहीत, कारण गाडीवर पूर्ण नियंत्रण ठेवणं गरजेचं होतं. धाकटा म्हणाला, सोड आता. मी म्हटलं, सोडलंय. तो उतरून माझ्या बाजूला आला, दार उघडलं आणि माझी बोटं एकेक करून सोडवली. त्याचे हात थंडगार होते. टेम्पोवाला पळत आला, लागलं नाही ना काका, लागलं नाही ना, म्हणत गादी ओढत घेऊन गेला. धाकट्याने मला बाजूच्या सीटवर बसवलं. बेल्ट त्यानेच लावला. घरापर्यंत त्याने चालवली.

जुन्या ब्रेकनी गाडी वेळेत थांबवली, असं म्हणायची संधी त्याला वाटभर होती. म्हणाला नाही. याचा अर्थ एकच. मनातून हरलाय.

घरी आल्यावर तो माझ्या बायकोशी स्वयंपाकघरात हळू आवाजात काहीतरी बोलत होता. मी गेलो तर गप्प झाले.

२ एप्रिल, बुधवार
जिंकलो!

दुपारी धाकटा दुकानात आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दारातच घुटमळला, फ्रेमचे स्टँड बघत राहिला. मग काउंटरवर कागद ठेवला. सिरॅमिक ब्रेक बसवायला संमती, खाली सही. म्हणाला, बसव. चारही चाकांना बसव. निम्मे पैसे माझे.

मी विचारलं, कोणतं पान पटलं? चौथं ना? तो म्हणाला, पान राहू दे. त्या दिवशी तुला काही झालं असतं तर मी वहिनीला कुठल्या तोंडाने सांगणार होतो? रात्री झोप नाही लागत मला. बसव आणि विषय संपव.

थोडक्यात, तांत्रिक मुद्दा पटला. फक्त कबूल करायची पद्धत वेगळी.

त्याच्या चष्म्याची एक काडी लोंबत होती. मी न विचारता काढून घेतला, स्क्रू पिळून दिला, काचा पुसल्या. फ्रेम हलकी आहे, आमच्याकडे असला माल ठेवत नाहीत. पैसे घेतले नाहीत. उपकार म्हणून नव्हे, सुटे नव्हते. तो चष्मा लावून थोडा वेळ उभा राहिला. मग गिऱ्हाईक आलं, तो गेला.

१३ एप्रिल, रविवार
ऑर्डर दिली आहे. पार्सल परदेशातून येतंय. गाडी गॅरेजमध्ये. धाकटा आला नाही, येऊन करणार काय, शेड रिकामी. मी शेड झाडली.

२६ एप्रिल, शनिवार
बसले! चाकांच्या आत करड्या रंगाच्या चकत्या, त्यावर बारीक नक्षी. गॅरेजवाला म्हणाला, साहेब, सुरुवातीला मोकळ्या रस्त्यावर जोरात दाबून दाबून त्यांना रुळवून घ्या. मी म्हटलं, मला शिकवू नका, पाच पानं लिहिलीत मी.

येताना प्रत्येक सिग्नलला ब्रेक केकाटले. सायकलवाले थांबून वळून बघत होते. एका बाईंनी कान झाकले. लोकांनी वळून बघावं हाच स्पोर्ट्स कारचा उद्देश असतो.

२७ एप्रिल, रविवार
धाकटा आला. वाकून चाकं पाहिली. म्हणाला, छान आहेत. मी पुढच्या मुद्द्याची वाट पाहिली. भुकटी नसल्यामुळे पुसायलाही काही नव्हतं. उभ्या-उभ्या चहा घेतला. म्हणाला, झालं मग तुझ्या मनासारखं. दहाच मिनिटांत गेला.

सकाळ मोकळी मिळाली. कितीतरी कामं होतील आता रविवारी.

४ मे, रविवार
धाकट्याचा मेसेज. पेपर तपासायचेत, येत नाही, गाडीचं काही काम तर नाहीच ना? लिहिलं, काहीच नाही.

शांतता. उत्तम. पाच पानांचं टिपण कपाटात ठेवलं, ते वाचायचं कुणी राहिलं नाही.

११ मे, रविवार
मेसेजही नाही. दहाला शेडमध्ये गेलो. चाकं लख्ख होती तरी पुसली. चारही. कंटाळा आला म्हणून नव्हे, व्यायाम म्हणून. बायकोने खिडकीतून विचारलं, कोणाशी बोलताय? म्हटलं, कोणाशी नाही. ती म्हणाली, आवाज येत होता.

मुद्दे मोठ्याने म्हटले की पक्के होतात.

१८ मे, रविवार
गाडी काढली नाही. एकट्याने जायला तसं काही कारण नव्हतं. शिवाय केकाटते. बायको म्हणाली, फोन का नाही करत त्याला? मी म्हटलं, मी का करू? मी जिंकलोय. ती म्हणाली, मग जिंकलेल्या माणसासारखे दिसा तरी.

गळणाऱ्या बाथरूमसाठी प्लंबरला बोलावलं. निदान एक विषय तरी मिटवला.

२२ मे, गुरुवार
दुकान बंद केल्यावर धाकट्याला फोन केला. कामाचा फोन होता.

म्हटलं, ब्रेक थंड असताना केकाटतात. तो म्हणाला, थोडे दिवस केकाटणारच. म्हटलं, पहिल्यांदा दाबले की पकडत नाहीत. म्हणाला, तापले की पकडतात. म्हटलं, मी चालवतो त्या वेगाला ते तापतच नाहीत. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मग मी म्हटलं, आणि हे इथे लिहून ठेवतो कारण पुन्हा म्हणणार नाही, मी म्हटलं, तुझं बरोबर होतं. या गाडीला सिरॅमिकची गरज नव्हती. जुने चांगले होते.

त्याने पंखा बंद केला, खटका ऐकू आला.

मग म्हणाला, गरज नव्हती असं कोण म्हणतं? महिनाभर वाचतोय म्हणे याच विषयावर. ब्रेक पहिल्या दर्जाचे आहेत, वाईट आहे ते तुझं चालवणं. मोकळ्या रस्त्यावर जोराने दाबून रुळवून घेतलेस का? नाही ना? मग केकाटतील नाहीतर काय गातील? मी म्हटलं, मला शिकवू नकोस. तो म्हणाला, कुणीतरी शिकवायला नको? मी म्हटलं, तीन पानं तूच लिहिली होतीस सिरॅमिकविरुद्ध, आलेखासकट. तो म्हणाला, तेव्हा तू बाजूने होतास.

दुसऱ्या मुद्द्यावर गेलो. त्यालाही त्याच्याकडे उत्तर होतं. शेजारची दुकानंही बंद झाली, बायको दोनदा दुकानापर्यंत येऊन डोकावून गेली, आमचं चालूच.

रविवारी दहाला येतोय. म्हणाला, या वेळी गाडी मी चालवणार. तू बाजूला बसायचं आणि गप्प बसायचं.

बाजूला बसणार आहे. गप्प बसायचं मी कबूल केलेलं नाही.